नुसता बघायला आलोय

एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात थर्मास, असा एक म्हातारा माझ्या शेजारी रेलिंगला येऊन टेकला आणि मैदानाकडं बघतच त्यानं विचारलं, 'हू यू विथ, मेट?' मी म्हटलं, 'नो वन. जस्ट वॉचिंग.' त्यानं मान हलवली, थर्मास खांबाच्या बुडाशी ठेवला आणि अर्धा फूट बाजूला सरकला. बस, एवढंच झालं. टोमणा नाही, काही नाही. पण तो जो सरकला ना, एसटीत शेजारी अनोळखी माणूस येऊन बसला की आपण सरकतो तसा, ते मला मॅच सुरू झाली तरी टोचत राहिलं. कारण हे वाक्य मी आयुष्यात आधी एकदा बोललोय. शब्द न शब्द हेच. फक्त तेव्हा भाषा कोल्हापुरी होती आणि हातात मूठभर शेंगा होत्या.

शेंगांवर येतो नंतर. आधी शनिवार.

१६ सप्टेंबर २०२३. मंगळवारी गणपती बसणार होते, त्यामुळं बायकोनं सकाळीच यादी हातात ठेवलेली. आम्ही राहतो लंडनच्या उत्तरेला ट्रेननं पाऊण तासावरच्या एका गावात, तिथं तांदळाची पिठी मिळत नाही असं नाही पण मोदकाला चालेल अशी मिळत नाही, म्हणून वेंबलीला ईलिंग रोडवर जायचं, नारळ वाजवून घ्यायचे, विड्याची पानं घ्यायची, आणि पार्किंग मिळेपर्यंत त्याच त्या गल्लीला चार प्रदक्षिणा घालायच्या. हे सगळं करून दीडला घरी आलो. दूर्वा राहिल्या. त्या काय मागच्या लॉनमधे शोधू म्हटलं. आणि मग 'जरा पाय मोकळे करून येतो' असं सांगून जो बाहेर पडलो तो थेट क्लबच्या गेटवर. दहा वर्षं झाली या गावात. सुपरमार्केटच्या पार्किंगमधून त्या ग्राउंडचे चार फ्लडलाइट रोज दिसतात, हिवाळ्यात मंगळवारी संध्याकाळी ते पेटलेले असले की धुक्यात चार पिवळे ढग तरंगल्यासारखे वाटतात, आणि दहा वर्षांत मी एकदाही आत गेलो नव्हतो. चालत पंधरा मिनिटं.

यातली गंमत अशी की फुटबॉलसाठी मी वेडा आहे असा माझाच समज होता. पुण्यात कॉलेजला असताना शनिवारी संध्याकाळी साडेसात म्हणजे रूमवर टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायची वेळ, इंग्लंडमधली दुपारी तीनची मॅच लाईव्ह, मेसचं जेवण ताटात थंड होतंय. मग नोकरीनं खुद्द इंग्लंडला आणून टाकलं आणि इथं येऊन कळलं की शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथल्या टीव्हीवर लाईव्ह फुटबॉल दाखवतच नाहीत. पुण्यात दिसतं, इंग्लंडात नाही. साठच्या दशकापासूनची पद्धत आहे म्हणे. मोठ्या क्लबच्या मॅचेस घरबसल्या दिसायला लागल्या तर छोट्या क्लबच्या गेटवर काळं कुत्रं फिरकणार नाही, ही भीती. म्हणजे माझ्यासारख्यानं सोफ्यावरून उठून कोपऱ्यावरच्या ग्राउंडवर जावं म्हणून एवढी सोय करून ठेवलेली, आणि मी त्या अडीच तासात काय करायचो, तर फोनवर स्कोअर बघत बसायचो.

त्या दिवशी एफए कपची मॅच होती. तोच एफए कप, १८७१-७२ साली सुरू झालेला, ज्याची फायनल मे महिन्यात वेंबलीला होते आणि राजघराण्यातलं कोणीतरी हात मिळवायला येतं. ही मात्र सेकंड क्वालिफाइंग राउंड. या कपात सातशेच्या वर क्लब उतरतात, आणि मोठे मासे येतात थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीला. त्याच्या आधी ऑगस्टपासून बारक्यांची चाळणी चालू असते, प्रिलिमिनरी, मग क्वालिफाइंग एक, दोन, तीन, चार, आणि एवढं सगळं पार केलं की मग 'पहिली फेरी'. पहिल्या फेरीच्या आधी पाच-सहा फेऱ्या, हा हिशोब फक्त इंग्रजांनाच जमावा. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत वरून मोजलं तर आमचा क्लब आठव्या पायरीवरचा, पाहुणे सहाव्या. दोन पायऱ्या म्हणजे ऐकायला काही नाही, पण बसमधून उतरताना पाहुण्यांची पोरं बघितली तर सगळ्यांचे ट्रॅकसूट सारखे होते. आमच्यातला एकजण बूट पिशवीत घेऊन सायकलवरून आला.

क्लबचं नाव लिहीत नाही. गेटवरचे आजोबा भाषांतर करून वाचतील आणि त्यांच्या चहाबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते त्यांना लागेल. बारा पौंड तिकीट, आणि एका पौंडाचं वेगळं तिकीट एक शाळकरी मुलगी प्लास्टिकच्या डब्यातून विकत होती, गोल्डन गोलचं. सुपारीएवढी कागदाची घडी, मधोमध स्टेपलरची पिन. पिन काढायची, घडी उलगडायची, आत मिनिटाचा आकडा. पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस तुमचं. माझी पिन काढताना नख मोडलं. आत आकडा ५३. मी तो कागद परत घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, देवळातली चिठ्ठी ठेवतात तसा.

आत गेलं की डाव्या हाताला पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली दीडेकशे खुर्च्या, बाकी तिन्ही बाजूला नुसतं रेलिंग. रेलिंगचा रंग जिथं लोक वर्षानुवर्षं टेकतात तिथं उडालेला, म्हणजे रेलिंग बघूनच कळतं की रोजचे लोक कुठं उभे राहतात. गोलच्या मागं कुंपण आणि कुंपणापलीकडं कोणाचीतरी परसबाग, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. चहाच्या टपरीतून कांदा परतल्याचा वास, आणि तो वास नाकात गेल्यावर पोटात जी आशा उत्पन्न होते ती बर्गर हातात आल्यावर मरते. चहा कागदी कपात, इतका पांढरा की त्यात पत्ती दाखवून परत काढून घेतली असावी. तरी दोन कप प्यायलो.

आणि आवाज. टीव्हीवर फुटबॉल बघून आपल्याला वाटतं की मैदानावर फक्त पब्लिकचा एक घुमणारा आवाज असतो. इथं चारशेच्या आतबाहेर माणसं, त्यामुळं सगळं सुटं सुटं ऐकू येतं. दोन खेळाडू भिडले की हाडावर हाड आपटल्याचा आवाज येतो, अक्षरशः कट्ट. गोलकीपर पूर्ण वेळ स्वतःशी बोलत असतो. लाइनमनला इथं 'लायनो' म्हणतात, आणि तो बिचारा तुमच्यापासून चार फुटांवर झेंडा घेऊन पळत असतो, त्यामुळं त्याला शिव्या द्यायच्या तर खाजगी आवाजात देता येतात. एका बाईनं त्याला अगदी मायेनं विचारलं, 'चष्मा गाडीत राहिला का बाळा?' त्याच्या मानेवर लाली चढलेली मला दिसली. आमचा पाच नंबर, स्टॉपर म्हणजे बचावाला मधे उभा राहणारा, डोकं टकलं, मांड्या वडाच्या बुंध्यासारख्या, त्यानं एक बॉल हेड करून लांब घालवला आणि शेजारचा म्हातारा बराच वेळानं बोलला, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, बहुतेक कुत्र्याला. 'ही फिटेड माय बॉयलर.'

माझा बॉयलर यानं बसवला. मी एकदम कोल्हापुरात.

कारण आमच्याकडं पण हेच. शाहू स्टेडियमवर जो सेंटर फॉरवर्ड आहे तो सकाळी तुम्हाला कुठंतरी दुकानात दिसतो, कोणाच्यातरी लग्नात पंगत वाढताना दिसतो, त्याच्या आईला तुमची आई ओळखते. आमच्याकडं क्लब नाहीत, तालमी आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. तालमीत लाल माती, भिंतीवर हनुमान, कोपऱ्यात मुदगल, आणि त्याच तालमीच्या नावानं अकरा पोरं बूट घालून बॉलमागं पळतात, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता सांगता दमायला होतं. वर्ल्डकपच्या वेळी आमच्याकडं कटआउट लागतात, अर्धी गल्ली ब्राझील, अर्धी अर्जेंटिना, चॅनेलवाले येतात, त्यांना तेवढंच दिसतं. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा पण आले होते. पण खरा कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे ती लीग आणि मग भर उन्हाळ्यातल्या चषकांच्या मॅचेस, दुपारी चारला चटके देणाऱ्या पायऱ्या, त्यावर अंथरलेला कालचा 'पुढारी', आणि कुठल्या बाजूला बसायचं हे जन्माला आल्यापासून ठरलेलं. आमची तालीम कुठली ते पण लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल.

मला तिथं न्यायचे आमचे चुलते, आप्पा. वडलांना खेळात रस नव्हता, ते हिशोब लिहायचे. आप्पा मात्र मॅचच्या दिवशी सकाळपासून गप्प. जेवायचे नाहीत नीट. तीन वाजता एम-८० ला किक मारायचे, मी मागं, त्यांच्या शर्टाला घामाचा आणि तंबाखूचा वास, तो शर्ट मी दोन्ही मुठीत धरलेला. आप्पांनी स्वतः कधी बॉलला पाय लावल्याचं कोणी बघितलं नाही. पण तालमीची पोरं मॅचला निघाली की हनुमानासमोर नारळ फोडायचं काम त्यांचं, आणि हरलो तर दोन दिवस दाढी करायची नाही हे पण त्यांचंच.

मी दहा वर्षांचा असेन. त्या दिवशी वाटेत एम-८० बंद पडली, प्लग साफ करण्यात वेळ गेला आणि पोचलो तोवर आमची बाजू खचाखच भरलेली. आप्पांनी इकडं तिकडं बघितलं आणि मला घेऊन सरळ पलीकडं, त्यांच्या लोकांत घुसले. कडेला दोन माणसांची जागा होती. मला बसवलं, म्हणाले, 'हितनं हालू नगंस, पाणी घिऊन येतो.' आणि गेले. मी बसलो. आजूबाजूला सगळे मोठे बाप्ये, खांद्यावर टॉवेल, एकजण शिट्टी फुंकतोय, कोणीतरी आमच्या गोलकीपरच्या खानदानाचा उद्धार करतोय, आणि तो गोलकीपर म्हणजे आमच्या वाड्याच्या मागचा, मला गोट्या जिंकून द्यायचा. माझ्या शेजारच्या माणसाला भरघोस मिशा होत्या. त्यानं कागदाच्या पुडीतून शेंगा काढल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'काय बारक्या, कुनाचा तू?'

आता, त्यानं धमकावलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यानं अगदी सहज विचारलं, हसून. मी म्हणालो, 'कुनाचा न्हाई. नुस्ता बघायला आलोय.'

'मग खा की,' म्हणून त्यानं मूठभर शेंगा माझ्या हातावर ओतल्या. मी वर बघितलं तर आप्पा पाठीमागच्या पायरीवर उभे. हातात पाण्याची बाटली. त्यांनी ऐकलं होतं. ते ऐकलं हे मला कसं कळलं सांगता येणार नाही, पण कळलं. काही बोलले नाहीत. शेजारी बसले. बाटली मधे ठेवली. सेकंड हाफला आमचा गोल झाला, कॉर्नरवरून, गर्दीत कोणाच्या पायाला लागून गेला ते दिसलं पण नाही, आणि त्या हजारभर गप्प झालेल्या माणसांत आमचे आप्पा एकटे उठून उभे राहिले, दोन्ही हात वर, घशातून निघेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले. एकटे. मला वाटलं आता मारतात. तर मिशीवाला नुसता हसला. 'आरं, हे आपल्यात कुटनं आलं!' असं कोणीतरी म्हणालं, दोघा-चौघांनी शिव्या घातल्या, आणि एकानं आप्पांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. एवढंच. मी मात्र बसूनच होतो. शेंगा हातात होत्या. मूठ इतकी घट्ट आवळलेली की घरी येईपर्यंत टरफलांचा भुगा झाला होता.

परत येताना आप्पा रंकाळ्यावर थांबले, मला भेळ घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटत पण नाही. माझ्या मात्र आहे. पुढं मी कुठंही गेलो की हे वाक्य माझ्या उपयोगाला यायचं. कॉलेजच्या इलेक्शनला दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि नुसतं बघायचं. ऑफिसात दोन साहेबांची जुंपली की आपण मधे, फाइल चाळत. टीव्हीवर ज्या क्लबचा जर्सी घालून मी फिरायचो तो क्लब मी कसा निवडला, तर त्या वर्षी तो जिंकत होता म्हणून. इथं इंग्लंडात तर ही सवय फारच सोयीची, परक्या माणसानं कडेला उभं राहावं हे इथल्या लोकांना पण बरं वाटतं आणि आपल्याला पण. कोणी सरका म्हणत नाही. आपणच सरकतो, नाहीतर ते सरकतात, अर्धा फूट.

असो. हाफ टाइमला शून्य-शून्य.

इथं एक गोष्ट झाली जी मी आधी कधी बघितली नव्हती. शिट्टी वाजली आणि गोलमागं उभे असलेले लोक सगळेच्या सगळे चालायला लागले. हातात चहा, बिअर, चिप्सचे द्रोण, रेलिंगला बांधलेले बॅनर सोडून काखेत मारलेले. आमची माणसं या टोकाकडून त्या टोकाला, पाहुण्यांची त्या टोकाकडून या टोकाला, आणि मधे पत्र्याच्या स्टँडसमोर दोन्ही घोळके एकमेकांतून पार होतात, 'एक्स्क्यूज मी', 'चिअर्स' करत. सेकंड हाफला बाजू बदलते ना, आपली टीम ज्या गोलवर हल्ला करणार त्या गोलमागं आपण असायला पाहिजे, म्हणून. मधे जाळी नाही, पोलीस नाही. आमच्याकडं एका मॅचला दगडफेक झाली होती तेव्हा मी आप्पांच्या काखेत डोकं घालून पळालेला माणूस, मला ते बघून हसायलाच आलं. म्हटलं हे आप्पांना दाखवायलाच पाहिजे. व्हिडिओ कॉल लावला.

कोल्हापुरात रात्रीचे सव्वाआठ. आप्पा आता पंच्याहत्तरीच्या पुढं, पण तालमीच्या मांडवात खुर्ची टाकून बसलेले, मागं पोरं ढोल ताशा बडवतायत, कोणीतरी 'लाइट वर घे, लाइट!' म्हणून ओरडतंय. फोन त्यांनी कानाला लावला, मग कोणीतरी तो समोर धरून दिला, मग स्क्रीनवर बराच वेळ नुसतं कपाळ. मी कॅमेरा फिरवून मैदान दाखवलं. आप्पांनी डोळे बारीक करून बघितलं.

'ग्राउंड चांगलं हाय,' म्हणाले. 'पोरं जड हायती. आपल्यात ए डिव्हिजनला टिकत न्हाईत ही.'

'आप्पा, ही एफए कपची मॅच आहे.'

'असंना.' मग एकदम, 'मॅच संपली व्हय? मानसं चालली की.'

मी सांगितलं, असं असं आहे, बाजू बदलली की लोक पण बदलतात, आपला गोल ज्या अंगाला तिकडं जाऊन उभे राहतात. त्यांना पटलं. मान हलवली. 'बराबर हाय की.' आणि पुढच्याच दमात,

'मग तू का हुबा हाईस?'

ढोलाच्या आवाजात मला आधी नीट ऐकू आलं नाही, त्यांना दोनदा म्हणायला लागलं. आणि अगदी त्याच वेळी म्हातारा, थर्मास बगलेत, कुत्रं पुढं ओढतंय, दहा पावलं जाऊन वळला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, 'यू कमिंग ऑर वॉट?'

गेलो. अजून काय करणार.

गोलच्या मागं, कुंपणाच्या चादरींखाली, पंचवीस-तीस माणसं आणि बारकी पोरं. एक पोरगा बादली उपडी ठेवून त्यावर उभा. ५४ व्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. काउंटर अटॅक, तीन पास, अगदी टीव्हीवरच्यासारखा स्वच्छ. लांबच्या टोकाला त्यांचे लोक उड्या मारताना दिसले, आवाज नंतर आला. मी खिशातली घडी काढून परत बघितली. ५३. एका मिनिटानं गेलं! म्हाताऱ्याला दाखवली तर त्यानं स्वतःची काढली, ७. 'शनिवारी मला कायम एक आकडी निघतो,' म्हणाला, जणू काही त्याच्या पत्रिकेतच तसं आहे. मग त्यानं थर्मासच्या झाकणात मला चहा ओतला. टपरीतल्यापेक्षा शंभर पटीनं बरा, कडक, साखरेचा.

चहा पिता पिता त्यानं हिशोब सांगितला. जिंकलं तर कपाकडून ३,३७५ पौंड, हरलं तर १,१२५. प्रीमियर लीगच्या क्लबची एका तासाची पण कमाई नसेल ही, आणि इथं त्यात छपराचे गळके पत्रे बदलून होतात. आणि मग हेरेफर्ड. हे मला वाटतं इथला प्रत्येक म्हातारा सांगतो, सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्यासारखा तो अध्याय येतोच. ५ फेब्रुवारी १९७२, चिखलानं भरलेलं ग्राउंड, नॉनलीगचं, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या बाहेरचं हेरेफर्ड आणि समोर तेव्हाच्या सगळ्यात वरच्या फर्स्ट डिव्हिजनचं न्यूकॅसल, रॉनी रॅडफर्ड नावाच्या माणसानं तीस यार्डावरून हाणलेला तो बॉल, टॉप कॉर्नर, बरोबरी, आणि एक्स्ट्रा टाइममधे हेरेफर्ड २-१. रॅडफर्ड सुतारकाम करायचा. म्हाताऱ्यानं हे सांगताना हातानं रंधा मारल्यासारखं करून दाखवलं. रॅडफर्ड आदल्याच वर्षी वारला, २०२२ च्या नोव्हेंबरात. 'तो गोल तुम्ही ग्राउंडवर बघितला?' मी विचारलं. 'टीव्हीवर,' तो म्हणाला, आणि जरा ओशाळला.

८८ वं मिनिट. कॉर्नर. आमच्या पुढ्यातच, कॉर्नर घेणाऱ्या पोराच्या पोटरीवर पट्टी सुटलेली दिसत होती. पाच नंबर पुढं आला, बॉयलरवाला. बॉल आला, कोणीतरी डोकं लावलं, पोस्टला धडकून परत, मग पायांचं नुसतं जंगल, बॉल कुठं आहे ते गोलकीपरला पण माहीत नाही, आणि मी ओरडत होतो. म्हणजे मी ओरडतोय हे मला कळलं ते माझ्या कानानं. 'आरं हाण की! हाण! कुनाची वाट बघाय लागलाईस!' पंचवीस वर्षांत मी असं बोललो नसेन, घरात पोरांशी बोलतो ते पुण्याचं मराठी. पाच नंबरच्या मांडीला लागून बॉल हळूच, दवाखान्यात म्हातारं माणूस चालतं तसा, लाइनच्या आत गेला.

१-१. कुत्रं भुंकायला लागलं. बादलीवरचा पोरगा खाली पडला. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला होता, की मी त्याचा, ते लक्षात नाही. चहा माझ्या शर्टावर सांडलेला. उरलेली मिनिटं कशी गेली ते पण सांगता येणार नाही, फक्त लांबून लाउडस्पीकरवर कोणीतरी प्रेक्षकसंख्या वाचून दाखवली, ३८७, आणि मला वाटलं त्यातला तो सातवा मी.

बरोबरी म्हणजे रिप्ले, तीच मॅच परत एकदा, पाहुण्यांच्या ग्राउंडवर, मंगळवारी रात्री पावणेआठ. पुढच्या सीझनपासून पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्ले बंदच करून टाकले, मोठ्या क्लबना वेळ नाही म्हणून. छोट्या क्लबला मोठ्याशी बरोबरी करून परत एकदा गेटचे पैसे कमवायची सोय होती ती गेली. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नाहीतर म्हाताऱ्याशी अजून अर्धा तास बोलायला विषय झाला असता. तो पट्टा हाताला गुंडाळत म्हणाला, 'ट्यूजडे, देन.' मी म्हटलं, 'जमणार नाही, मंगळवारी आमच्याकडं गणपती येतात.' तो विचारात पडला. 'दि एलिफंट?' हो म्हटलं. 'घेऊन ये त्यालाही,' म्हणाला, 'आमच्याकडं स्टॉपरच्या जागी एक लागतोच आहे.'

घरी आलो तेव्हा बायको लॉनमधे उकिडवी बसून दूर्वा शोधत होती. शर्टावरचा चहा बघितला, काही बोलली नाही. मी शेजारी बसून शोधायला लागलो. तीन पात्यांच्या अशा एकवीस जुड्या काही त्या लॉनमधून निघेनात.

मंगळवारी आरती सातला. ओळखीची पाच-सहा कुटुंबं, पोरांनी घंटा कोण वाजवणार यावरून भांडण केलं, मोदकांची उकड जरा चिकट झाली होती पण कोणी बोललं नाही. पावणेआठनंतर मी प्रसादाचं ताट घेऊन सारखा स्वयंपाकघरात जात होतो, कारण फोन तिथं मायक्रोवेव्हवर ठेवलेला. १-०. २-०. मग कधीतरी पाच नंबरनं एक परत केला. बायको म्हणाली, काय चाललंय तुझं, मी म्हटलं काही नाही. ३-१. संपलं. बाहेर वारं सुटलं होतं, फ्लडलाइट बंद होते, आज मॅच दुसरीकडं होती ना.

पाहुणे गेले, भांडी विसळत होतो तेव्हा फोन वाजला. कोल्हापुरात रात्रीचे अडीच वाजून गेलेले. आप्पांचा व्हॉइस मेसेज. मागं मंडळाच्या पोरांची गडबड, कोणीतरी खोकतंय, आणि आप्पांचा बसलेला आवाज: 'काय झालं रं आपल्या मॅचचं?'

ओल्या बोटांनी टाइप केलं, 'तीन-एक. हरलो आप्पा.'

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं झोपले. हात पुसून दिवे मालवायला गेलो तर परत टिंग झालं.

'रेफ्री कुठला हुता?'